पिल्लाचा पाय वाकडा, दोष कुणाचा? इनक्युबेटरमधल्या पिल्लांची गोष्ट

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे शब्दरूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुचला. एका श्रोत्या मुलीने पाठवलेली आहे. नाव-गाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"दादा, साठवलेल्या पैशातून छोटा इनक्युबेटर घेतला. आजूबाजूच्या घरांतून गावठी अंडी गोळा केली आणि ६० अंडी लावली. ३८ पिल्लं निघाली. त्यातल्या एकाची बेंबी उघडी होती, एकाची पायाची बोटं आत वळलेली. आणि तीन पिल्लं पहिल्या दिवशी नीट होती, पण दुसऱ्या दिवशी बघते तर पाय फाकवून पोटावर बसलेली. घरचे म्हणतात, यंत्राची पिल्लं अशीच, कोंबडीची ऊब ती ऊब. यंत्र विकून टाकू का?"

तिच्यासाठी हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नाही. पैसे तिचे गेलेत, घरचे बोलतायत आणि खोक्यात पाच पिल्लं धडपडतायत. म्हणून आज नीट बघू या: अशी पिल्लं किती निघतात, का निघतात, आणि त्यातलं आपल्या हातात किती असतं.

आधी मोजू या

चांगल्या चालणाऱ्या मोठ्या हॅचरीत पिल्लं निघाल्यावर तपासून दोष असलेली वेगळी काढतात. हे प्रमाण साधारण शंभराला एकाच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. शून्य कुणाचंच नसतं. एका पेशीपासून २१ दिवसांत चोच, डोळे, पिसं, पाय सगळं तयार व्हायचं म्हटल्यावर कुठेतरी एखादं गणित चुकणारच.

आता हाच 'शंभराला एक' आकडा धरून आपल्या ३८ पिल्लांचं गणित करू. सगळं अगदी बरोबर केलं तरीसुद्धा अशा तीन बॅचपैकी एका बॅचमध्ये एखादं तरी सदोष पिल्लू दिसेल. म्हणजे एक वाकडं पिल्लू निघालं म्हणून लगेच यंत्राला शिव्या घालायच्या नाहीत. पण ३८ मध्ये दोन किंवा जास्त निघणं हे वीस बॅचमध्ये एखाद्या वेळी व्हावं. आणि पाच? योगायोगाने पाच निघणं जवळपास अशक्य. पाच निघाली याचा अर्थ कुठेतरी ठरावीक चूक आहे. ही खरं तर चांगली बातमी आहे, कारण चूक शोधता येते. नशीब शोधता येत नाही.

अजून एक गोष्ट. दिसणारे दोष म्हणजे पूर्ण हिशोब नाही. गंभीर व्यंग असलेले बरेच गर्भ अंड्यातच मरतात, बाहेर येतच नाहीत. म्हणून न उबलेली २२ अंडी फेकून दिली असतील तर अर्धी माहिती फेकली. कोंबडीच्या बाबतीतही तेच. ती दहा-बारा अंड्यांवर बसते, न फुटलेली तशीच सोडून उठते. अशक्त पिल्लू मागे राहतं, मरतं किंवा मांजर-कावळा उचलतो. आपण अंगणात फिरणारी सात पिल्लं बघतो आणि म्हणतो, कोंबडीची सगळी धडधाकट! यंत्रात मात्र प्रत्येक पिल्लू ट्रेवर आपल्या डोळ्यांसमोर असतं.

दोष केव्हा लागला, ते कळलं की कारण सापडतं

अंड्याच्या आत काय चालतं हे माणूस फार पूर्वीपासून बघतोय. दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रीक काळात अॅरिस्टॉटलने वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय दिसतं, असं लिहून ठेवलं. पुढे फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात एतिएन जोफ्रवा सेंत-इलेर या प्राणिशास्त्रज्ञाने अंडी हलवून, उभी ठेवून, कवचावर लेप देऊन काय बिघडतं ते पाहिलं. नंतर कामिय दारेस्त याने तर हेच आयुष्याचं काम केलं. उष्णता कमी-जास्त केली, अंड्याचा एकच भाग तापवला, आणि १८७७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. त्या काळी व्यंग म्हणजे दैवी कोप किंवा अपशकुन, असं मानणारे पुष्कळ होते. या लोकांनी दाखवलं की उबवण्याची परिस्थिती बिघडवली तर धडधाकट कोंबडीच्या अंड्यातूनही व्यंग असलेला गर्भ तयार होतो.

थोडक्यात, या लोकांनी मुद्दाम जे केलं, ते आपण खराब थर्मामीटर लावून नकळत करतो.

आता दिवसांप्रमाणे बघा.

पहिले तीन दिवस: मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून तयार होतात ती नळी बंद होते, हृदय धडधडू लागतं, डोळ्यांची सुरुवात होते. या दिवसांत उष्णता जास्त झाली तर कवटी उघडी राहिलेली, एक डोळा नसलेली किंवा डोळा अगदी बारीक असलेली पिल्लं होऊ शकतात.

तिसऱ्या दिवसापासून पुढचा आठवडा: पाय आणि पंखांचे कोंब फुटतात, बोटं वेगळी होतात, चोच आकार घेते. चोच कात्रीसारखी एकमेकींवरून जाणं, पाय आखूड राहणं, बोटं नीट न होणं अशा दोषांची मुळं बऱ्याचदा इथे असतात.

मधले दिवस: गर्भाची आतडी काही काळ पोटाबाहेर, बेंबीच्या दोरीत असतात आणि शेवटी आत ओढली जातात. या काळात यंत्र जास्त तापलं तर आतडी बाहेरच राहिलेलं पिल्लू निघू शकतं.

१८ ते २१ दिवस: पिल्लू डोकं हवेच्या पोकळीकडे वळवतं, उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं, बेंबी मिटते, मग कवच फोडतं. उघडी बेंबी, लाल झालेले गुडघे, चिकट अंग, उलट्या बाजूला अडकलेलं डोकं हे प्रामुख्याने या शेवटच्या टप्प्याचे दोष.

यंत्रात चुकतं ते कुठे?

पहिला संशयित उष्णता. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. पंखा नसलेल्या यंत्रात हवा थरांत तापते, वर गरम आणि खाली गार. तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण ३८.३ ते ३८.९ लागतं. थर्मामीटर झाकणाला चिकटवून वाचलेला आकडा हा अंड्याचा आकडा नसतो. अर्धा-एक अंश म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण सतत तीन आठवडे एक अंश जास्त म्हणजे गर्भासाठी तीन आठवड्यांचा ताप. पिल्लं वेळेआधी निघतात, लहान असतात, बेंबी मिटायच्या आत बाहेर येतात. सतत कमी असेल तर उशिरा निघतात, सुस्त आणि पायाने कच्ची.

थोडा वेळ गार होणं तेवढं घातक नसतं. कोंबडीसुद्धा दाणा-पाण्यासाठी रोज उठतेच. वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. वरून घोंगडी टाका, हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. खरा धोका वीज आल्यानंतर, यंत्र बिघडून जास्त तापण्यात असतो. शिवाय शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतःच उष्णता सोडतात. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत यंत्र असेल तर वरचा आकडा दिवसातून दोन-तीनदा बघायलाच हवा.

थर्मामीटर खरं बोलतो का? घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून बघा. तो नेमका याच पट्ट्यात काम करतो. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक निघाला तरी तुमची अर्धी चौकशी तिथेच संपली.

दुसरा संशयित दमटपणा. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, असा सर्वसाधारण हिशोब. आर्द्रता दाखवणारं स्वस्त यंत्र बऱ्याचदा चुकतं. ते तपासायला झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याच्या थेंबांनी ओलसर करा (विरघळवू नका), आणि मीठ व यंत्र दोन्ही एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे काटा. अंडं १८ दिवसांत साधारण ११ ते १३ टक्के वजन गमावतं. म्हणजे दहा अंडी मिळून ५०० ग्रॅम असतील तर १८ व्या दिवशी ४४० च्या आसपास हवीत. वजन कमी घटलं तर आत पाणी जास्त राहिलं: पिल्लू फुगीर, चिकट, बेंबी उघडी. फार घटलं तर आतला पडदा कोरडा पडून पिल्लाला चिकटतो आणि धडपडून धडपडून गुडघे लाल होतात.

तिसरा संशयित अंडी फिरवणं. कोंबडी अंडी सारखी हलवत असते. आपण फिरवली नाहीत तर गर्भ पडद्याला चिकटतो, नंतर पिल्लाची बसण्याची पद्धत चुकते. हाताने फिरवत असाल तर दिवसातून किमान तीन किंवा पाच वेळा. विषम संख्या अशासाठी, की रोजची लांबलचक रात्र अंड्याने एकाच कुशीवर काढू नये. ट्रेमध्ये अंडी उभी ठेवत असाल तर रुंद बाजू वर. टोकदार बाजू वर ठेवली की डोकं हवेच्या पोकळीपासून लांब जाण्याची शक्यता वाढते. १८ व्या दिवशी फिरवणं बंद.

यंत्रात जायच्या आधीच बिघडलेलं

आता यंत्राची बाजू घेतो. काही दोष यंत्रात येतच नाहीत, ते अंड्याबरोबर येतात.

कोंबड्यांचं खाणं: अंड्यात जे नाही ते पिल्लाला मिळणार कुठून? आईच्या खाद्यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं तर पिल्लाची बोटं आत वळतात. खूण अशी, की पिसांची लव टोकाला गाठ पडल्यासारखी गुंडाळलेली दिसते. मँगनीज कमी पडलं तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी होऊ शकते. मोकळी फिरणारी कोंबडी पाला, किडे खाऊन हे बऱ्यापैकी भरून काढते. बंद खुराड्यात नुसता मका आणि तांदळाची कणी खाणारी नाही. आणि खायच्या अंड्यांसाठी असलेलं लेयर खाद्य पिल्लं काढायच्या कोंबड्यांना पुरेसं असेलच असं नाही. ब्रीडर खाद्यात जीवनसत्त्वं मुद्दाम जास्त घातलेली असतात.

नातं: एकच रुबाबदार कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला, तर तो आधी मुलींशी आणि मग नातींशी जोडी लावतो. लपलेले दोष अशाने वर येतात. वाकड्या चोचीत आनुवंशिकतेचा भाग असू शकतो, म्हणून असं पिल्लू जगलं तरी पैदाशीला ठेवू नये. फॅन्सी कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी अजून एक: जॅपनीज बँटमसारख्या आखूड पायांच्या जातीत ज्या जनुकामुळे पाय आखूड होतात, तेच दोन्हीकडून आलं तर गर्भ अंड्यातच मरतो. दोन आखूड पायांची जोडी लावली की चौथा हिस्सा असाच जातो. तिथे यंत्र बिचारं निर्दोष असतं.

साठवण: अंडं आठवडाभराच्या आतलं असावं आणि १५ ते १८ अंशांच्या आसपास ठेवलेलं असावं. उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीत आठ दिवस राहिलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो, थांबतो, पुन्हा वाढतो. असा गर्भ यंत्रात जाण्याआधीच थकलेला असतो. घराघरांतून गोळा केलेल्या अंड्यांचा हाच प्रश्न. कुठलं अंडं किती दिवसांचं, कुणालाच सांगता येत नाही.

राहिला विजेच्या कडकडाटाचा प्रश्न. काही घरांत अंडी बसवताना टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, पण वादळाच्या रात्री वीज किती तास गेली होती, तेही वहीत लिहा. खरा घोटाळा तिथे असतो.

पिल्लू हातात आहे, आता काय?

सगळ्यात आधी, कवच फोडायला घाई करू नका. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लाला १२ ते २४ तास लागू शकतात. तेवढ्यात ते रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं. आपण कवच सोललं तर रक्तवाहिनी फाटते आणि बेंबी उघडी राहते. मदत म्हणून केलेलं हे काम दोष तयार करतं. निघालेल्या पिल्लालाही पहिले एक-दोन दिवस पोटातला बलक पुरतो, म्हणून यंत्र सारखं उघडायची गरज नाही.

पाय फाकलेले असतील तर लवकर हालचाल करा. दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीची बेडी घाला, मधे साधारण अडीच सेंटिमीटर अंतर, म्हणजे पिल्लू नैसर्गिक उभं राहील एवढंच. पट्टी आवळायची नाही. रोज सोडून बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत केलं तर बरीच पिल्लं दोन-चार दिवसांत उभी राहतात. आठवडा गेला की अवघड होतं.

बोटं वळली असतील तर पुठ्ठ्याचा छोटा तळवा कापा, बोटं सरळ करून मऊ पट्टीने त्यावर बसवा, दोन-तीन दिवस ठेवा. बरोबर बी-जीवनसत्त्व द्यायचं असेल तर मात्रा पशुवैद्यकांना विचारून.

बेंबी उघडी असेल तर वेगळं, कोरडं, उबदार ठेवा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. संसर्ग झाला, पोट फुगलं, वास यायला लागला तर बहुतेक वेळा वाचत नाही, आणि बाकीच्यांनाही धोका असतो. प्रत्येक बॅचनंतर यंत्र धुऊन, निर्जंतुक करून, वाळवून मगच पुढची अंडी. शेणाने माखलेलं अंडं लावूच नका.

आता अवघड भाग. आतडी बाहेर, कवटी उघडी, उभंच राहता येत नाही असं पिल्लू वाचत नाही. त्याला खोक्याच्या कोपऱ्यात दोन दिवस तडफडत ठेवणं ही माया नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, वेदना न होता त्याला कसं सोडवायचं ते ते दाखवतील. जिवंत पिल्लू कचऱ्यात टाकायचं नाही. आणि दोष लपवून विकायचं तर नाहीच. पोल्ट्रीचा धंदा शेवटी विश्वासावर चालतो.

तर मग, यंत्र विकायचं का?

नाही. मी तिला परत एक प्रश्न विचारला: पिल्लं काढल्यावर खोक्यात खाली काय अंथरलं होतंस? उत्तर आलं, वर्तमानपत्र.

तीन पिल्लांचा उलगडा इथेच झाला. पहिल्या दिवशी धड असलेली पिल्लं दुसऱ्या दिवशी पाय फाकवतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष जमिनीचा असतो. गुळगुळीत कागदावर कोवळे पाय घसरतात आणि तसेच राहतात. गोणपाट, खरखरीत कापड किंवा भाताचं तूस घातलं की हा प्रश्न जवळजवळ संपतो. खर्च शून्य.

उरली दोन. बोटं वळलेलं एक, त्यासाठी ज्या घरातून अंडं आलं तिथल्या कोंबड्या काय खातात ते बघायचं. बेंबी उघडी असलेलं एक, त्यासाठी थर्मामीटर आणि दमटपणा तपासायचा. ३८ मध्ये दोन हे थोडं जास्तच आहे, पण एवढं अधूनमधून योगायोगानेही होतं. पुढच्या बॅचला पुन्हा तेच दिसलं तर मात्र कारण नक्की आहे.

आणि पुढच्या वेळी न फुटलेली अंडी फेकायची नाहीत. बाहेर नेऊन एकेक फोडायचं, तीन रकान्यांत लिहायचं: काहीच नाही, म्हणजे फलित नव्हतं किंवा अगदी सुरुवातीला मेलं. रक्ताचं कडं, म्हणजे पहिल्या आठवड्यात गेलं, तर साठवण किंवा सुरुवातीची उष्णता बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू, म्हणजे शेवटचे तीन दिवस बिघडले, तर दमटपणा, हवा आणि फिरवणं बघा. कुठल्या घरचं अंडं ते पेन्सिलने कवचावर लिहिलेलं असेल तर आणखी सोपं.

घरच्यांना काय सांगायचं? कोंबडीची ऊब चांगलीच असते, यात वाद नाही. पण ती ऊब म्हणजे ठरावीक तापमान, ठरावीक ओल, दिवसभर हलवाहलव आणि पायाखाली गवत. यातलं प्रत्येक आपल्याला मोजता येतं आणि देता येतं. यंत्र हे काम स्वतःहून करत नाही एवढंच. कोंबडीच्या जागी आता तुला बसायचंय.

तिची ताजी बातमी: तीनपैकी दोन पिल्लं पट्टी काढल्यावर उभी राहिली. तिसरं राहिलं नाही. बोटांचा पुठ्ठा अजून चालू आहे.

तुमच्याकडे उबवणीचा असा अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण आकड्यांसकट: किती लावली, किती निघाली, किती दोषाची. पुढच्या भागात भेटूच. तोवर थर्मामीटर तपासा!